तात्यांचा घाम आणि पुस्तकातलं शून्य

भाची अकरावी सायन्सला आहे. परवा ती वही घेऊन आली आणि समोर आपटून म्हणाली, "मामा, हे उत्तर चुकीचं छापलंय."

गणित असं होतं : एक हमाल ५० किलोचं पोतं पाठीवर घेऊन सपाट जमिनीवर २० मीटर सरळ, एकसारख्या वेगाने चालतो. या चालण्यात त्याने पोत्याला वर धरून ठेवणाऱ्या बलाने किती कार्य केलं? उत्तर : शून्य.

त्याखालचं गणित : तेच पोतं त्याने जमिनीशी ३७ अंशांचा कोन करणाऱ्या दोरीने २० मीटर ओढत नेलं, तर किती कार्य? इथे उत्तर तीन हजारांच्या घरात होतं. भाचीचं मात्र चार हजार येत होतं, तीनदा करूनही.

"आता तूच जाऊन तात्यांना सांग," ती म्हणाली, "की तुम्ही आयुष्यभर जे केलंत ते शून्य होतं."

तात्या म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या वडिलांच्या अडत दुकानावरचे हमाल. माझं लहानपण त्या गाळ्यात गेलं. हळदीचा सौदा सुरू झाला की दोन महिने घरातल्या सगळ्यांची नखं पिवळी. तात्या पोत्यात आकडा रुतवायचे, एक गुडघा टेकवायचे आणि पोतं पाठीवर कधी गेलं ते कळायचं नाही. त्यांच्या कामाला शून्य म्हणणारं पुस्तक मलाही शाळेत असताना पटलं नव्हतं. पण पुस्तक बरोबर आहे. घोळ 'कार्य' या शब्दात आहे, आणि भाचीच्या चार हजारांतला घोळ आणखी वेगळ्या जागी आहे.

## 'कार्य' म्हणजे मेहनत नव्हे

भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने वस्तू जितकी सरकली ते अंतर. बल न्यूटनमध्ये मोजतात, अंतर मीटरमध्ये, आणि गुणाकार आला की त्याला ज्यूल म्हणतात. यातले 'बलाच्या दिशेने' हे दोन शब्द मुलं वाचतात आणि सोडून देतात.

या शब्दाला हा अर्थ पक्का करून दिला तो कोरिओलिस या फ्रेंच अभियंत्याने, १८२९ मध्ये. तो काळ वाफेच्या इंजिनांचा आणि पाणचक्क्यांचा. इंजिनाने किती वजन किती उंच उचललं, याचा हिशेब मांडायला एक माप हवं होतं. म्हणजे हे माप यंत्रांच्या हिशेबासाठी घडलं. माणसाच्या घामाचा हिशेब त्यात कधी धरलेलाच नव्हता, त्यामुळे तो त्यात सापडला नाही तर नवल नाही.

तात्या पोतं घेऊन चालतात तेव्हा त्यांचं बल वरच्या दिशेने असतं, पोतं सरकतं आडवं. वरच्या दिशेने पोतं इंचभरही गेलं नाही, म्हणून त्या बलाचं कार्य शून्य. मात्र पोतं जमिनीवरून पाठीवर, समजा १.२ मीटर, उचललं तेव्हाचं कार्य खरं. ५० किलोचं वजन साधारण ५०० न्यूटन (गुरुत्वाचा आकडा ९.८ ऐवजी १० धरला, तोंडी हिशेब सोपा जातो), त्याला १.२ ने गुणलं की ६०० ज्यूल.

## मग घाम कसला आला?

इथे भाची हटकणारच होती, आणि हटकलीच. काहीच न हलवता नुसतं पोतं धरून उभं राहिलं तरी हात भरून येतात, ते काय उगाच?

भिंतीतला खुंटा पोतं वर्षभर धरून ठेवील, त्याला चहाही लागणार नाही. स्नायू खुंट्यासारखे नसतात. ताणलेल्या स्नायूच्या आत लाखो बारीक धागे सतत एकमेकांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा जळते. बाहेर पोतं ढिम्म, आत मात्र रस्सीखेच चाललेली. ती ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून घाम. थोडक्यात, तात्यांची ऊर्जा खर्च झाली हे खरं, आणि ती पोत्याला मिळाली नाही हेही खरं.

## घर्षण म्हणजे आधारावरची अडत

आता दुसरं गणित. पोतं जमिनीवर पडलंय. पृथ्वी त्याला ५०० न्यूटनने खाली खेचते आणि जमीन त्याला खालून वर ढकलते, म्हणून ते आत रुतत नाही. जमिनीच्या या ढकलण्याला पुस्तकात अभिलंब बल म्हणतात. मी त्याला जमिनीचा आधार म्हणेन.

घर्षण या आधारावर ठरतं. अडत्याच्या पोराला हे चटकन कळावं : घर्षण म्हणजे आधारावर लागणारी अडत. दर ठरतो कोणत्या दोन पृष्ठभागांची गाठ पडली यावर. बारदान आणि शहाबादी फरशी यांचा एक दर, बारदान आणि ओला सिमेंटकोबा यांचा दुसरा. या दराला घर्षण गुणांक म्हणतात. आपल्या गणितात तो ०.४ दिला होता, म्हणजे शेकडा ४०.

पण अडत मालाच्या खऱ्या विक्रीवर लागते, शेतकऱ्याच्या अंदाजावर नाही. तसंच घर्षण पोत्याच्या वजनावर लागत नाही, जमिनीने प्रत्यक्ष दिलेल्या आधारावर लागतं. बहुतेक मुलं इथेच पाय घसरून पडतात. वजन ५००, दर ४० टक्के, घर्षण २००, गुणिले २० मीटर, झाले चार हजार ज्यूल. दोरी सरळ आडवी असेल तर हे अगदी बरोबर. तिरक्या दोरीला चूक.

का चूक, ते बघायला घरातला वजनकाटा दाराच्या चौकटीखाली ठेवा. त्यावर उभं राहा आणि चौकटीची वरची पट्टी हातांनी खाली ओढा. काटा लगेच कमी दाखवायला लागतो. तुमचं वजन घटलेलं नाही, काट्याला द्यावा लागणारा आधार घटला. तिरकी दोरी पोत्याच्या बाबतीत हेच करते : पुढे तर ओढतेच, शिवाय पोत्याला थोडं वर उचलून धरते.

## एका बलाच्या दोन सावल्या

तिरकं बल दोन भागांत कसं फोडायचं? भर दुपारी अंगणात एक काठी तिरकी धरा. सूर्य डोक्यावर असताना जमिनीवर पडते ती तिची आडवी सावली. संध्याकाळी सूर्य समोर आला की भिंतीवर पडते ती उभी. पाच हात लांबीची काठी जमिनीशी ३७ अंशांत धरली, तर आडवी सावली जवळजवळ चार हात आणि उभी तीन हात. ही आडवी सावली म्हणजे कोसाइन, ०.८. उभी सावली म्हणजे साइन, ०.६. परीक्षक ३७ अंश देतात ते याच सोयीसाठी.

तर दोरीतलं बल काहीही असो, त्याचा ०.८ भाग पोत्याला पुढे ओढतो आणि ०.६ भाग वर उचलतो. एकसारख्या वेगाने ओढायचं तर पुढची ओढ आणि घर्षण तंतोतंत सारखे हवेत. म्हणजे बलाचे ०.८ बरोबर आधाराचे ०.४, आणि आधार म्हणजे ५०० मधून बलाचे ०.६ वजा. वहीत हे मांडलं की १.०४ पट बल बरोबर २००. बल आलं १९२ न्यूटन.

आता मागे वळून बघा. वरची उचल ११५, आधार उरला ३८५, त्यावर ४० टक्के घर्षण १५४. कार्य म्हणजे १५४ गुणिले २०, साधारण ३,०८० ज्यूल. पुस्तकातलं तीन हजारांच्या घरातलं उत्तर ते हेच.

भाचीने तोंडाचा चंबू केला. "एवढंच होतं?" एवढंच होतं. फक्त आकडेमोडीआधी पोत्याचं चित्र काढून त्यावर चार बाण दाखवायला हवे होते : वजन, आधार, दोरी, घर्षण. क्लासमध्ये सूत्रं इतक्या झपाट्याने देतात की चित्र काढणं पोरांना वेळ घालवणं वाटतं. माझं स्पष्ट मत आहे की घर्षणाच्या गणितात निम्मे मार्क चित्रातच असतात, परीक्षक देवो न देवो.

## कमी जोर की कमी कार्य?

मला स्वतःला सगळ्यात गंमत वाटली ती यात. आडव्या दोरीला जोर २०० लागला आणि कार्य ४,००० झालं. ३७ अंशांच्या दोरीला जोर १९२, कार्य ३,०८०. जोर कमी झाला जेमतेम ४ टक्के, कार्य मात्र २३ टक्क्यांनी उतरलं. दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणात कमी होत नाहीत.

मग सगळ्यात कमी जोर कोणत्या कोनाला? ज्या कोनाचा टॅन, म्हणजे उभी सावली भागिले आडवी सावली, घर्षण गुणांकाइतका, तिथे. इथे तो सुमारे २२ अंश, जोर १८६ न्यूटन. आणि सगळ्यात कमी कार्य? दोरी जितकी उभी कराल तितकं ते घटतच जातं. उभी करत करत ९० अंशांवर गेलात की पोतं जमिनीवरून सुटलं, आधार शून्य, घर्षण शून्य, कार्य शून्य. आणि हे म्हणजे काय, तर पोतं पाठीवर घेऊन चाललेले तात्या! पहिलं गणित हे दुसऱ्याच गणिताचं शेवटचं टोक आहे. फक्त तिथे जोर लागतो पूर्ण ५०० न्यूटन.

शरीराला कळतो तो जोर. पुस्तक मोजतं ते कार्य. म्हणून तात्यांना जे सगळ्यात जड, तेच पुस्तकात शून्य.

दोरीने ओढण्याऐवजी तेच पोतं मागून, त्याच ३७ अंशांत खाली दाबत ढकललं तर? आता हात पोत्याला जमिनीवर दाबतो, आधार वाढतो, अडतही वाढते. बल लागतं ३५७ न्यूटन, कार्य ५,७०० ज्यूलच्या पुढे. आणखी वरून, साधारण ६८ अंशांपेक्षा उभं दाबलंत, तर जगातला कितीही मोठा पैलवान आणा, पोतं हलणार नाही. जितकं जास्त दाबाल तितकं घर्षण त्याहून जास्त वाढत जातं. जड कपाट वरून रेटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

## 'निव्वळ बल शून्य, मग पोतं सरकतं कसं?'

हा प्रश्न दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतो. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या पोत्यावर पुढची ओढ आणि मागचं घर्षण सारखे असतात. ते फिटतात, मग पोतं थांबायला हवं ना?

नाही. चालत्या वस्तूला चालू राहायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. सुरुवातीला पोत्याला माणसाच्या चालीचा, सेकंदाला एक मीटरचा वेग द्यायला फक्त २५ ज्यूल पुरतात. पुढचे हजारो ज्यूल घर्षणाच्या खात्यात जमा होतात. ओढणाऱ्याचं कार्य अधिक, घर्षणाचं तितकंच उणे, बेरीज शून्य. ही बेरीज शून्य म्हणजे पोत्याचा वेग बदलला नाही, एवढंच. ऊर्जा गेली फरशी आणि बारदान तापवण्यात. थंडीत तळहात चोळतो तेव्हा आपण हेच करतो, फक्त ५० किलोच्या पोत्यात ती ऊब हाताला जाणवत नाही.

आणि पहिला हिसका? थांबलेलं पोतं हलवायला जास्त जोर लागतो, कारण स्थिर असतानाचं घर्षण, म्हणजे स्थितिक घर्षण, सरकतानाच्या घर्षणापेक्षा सहसा जास्त असतं. त्याचा दर ०.५ धरला तर आडवं ओढताना २५० न्यूटन लागतील. समजा कुणी हलल्यावरही तोच २५० चा जोर कायम ठेवला. मग ५० न्यूटन शिल्लक राहतात आणि २० मीटरनंतर पोत्याचा वेग निघतो सेकंदाला ६.३ मीटर, तासाला जवळजवळ २३ किलोमीटर. पोत्यामागे पळणारा हमाल मी तरी पाहिला नाही. पोतं हललं की माणूस आपोआप हात सैल करतो. गणिताचं उत्तर असं बाहेर नेऊन पडताळलं की ते लक्षातही राहतं.

## पोतं आडवं टाकलं की उभं, फरक पडतो?

पडायला हवा असं मनाला वाटतं. जास्त जागा टेकली तर जास्त घासणार. पण कोरड्या, टणक पृष्ठभागांवर घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर जवळजवळ अवलंबून नसतं. फ्रान्सच्या अमोंतोंने हे १६९९ मध्ये मांडलं, कुलोंने १७८५ मध्ये सविस्तर प्रयोग करून पक्कं केलं. कारण असं की वरून सपाट दिसणारे पृष्ठभाग बारकाईने पाहिलं तर खडबडीत असतात, आणि खरे टेकतात ते फक्त काही उंचवटे. पोतं आडवं टाकलं की उंचवटे जास्त, पण प्रत्येकावर भार कमी. एकूण हिशेब तोच.

मात्र हा नियम निसर्गाचा अटळ कायदा नाही, अनुभवाचा ठोकताळा आहे. पावसात कृष्णाकाठच्या काळ्या रानात कुणी ०.४ चा दर लावून चिखलातून गाडी काढायला जाईल तर फसेल. चिखल चिकटतो, चाक रुततं, आणि तिथे हे सूत्र हात टेकतं.

## मग चाक काय करतं?

घासण्याऐवजी गडगडणं. टायरगाडीत दोन टन ऊस भरला, तर वजन झालं २०,००० न्यूटन. तो नुसता ओढायचा म्हटलं, दर ०.४ धरला तरी ८,००० न्यूटन. बैलांची एक जोडी हे पेलणार नाही. चांगल्या डांबरी रस्त्यावर हवा भरलेल्या टायरचा गडगडण्याचा दर साधारण ०.०१ ते ०.०२ च्या घरात असतो. म्हणजे २०० ते ४०० न्यूटन. आपल्या एका पोत्याला लागलेला जोर आठवा : तेवढ्यात, फार तर दुपटीत, दोन टन ऊस कारखान्यावर पोचतो.

रस्ता मऊ झाला की हाच दर कितीतरी पटींनी चढतो. साताऱ्यात वाईजवळ बावधनच्या बगाडाला, म्हणजे यात्रेतल्या अवजड लाकडी गाड्याला, एका वेळी इतके बैल का जुंपतात, ते शेतातून जाणारा त्याचा मार्ग पाहिला की कळतं. चाक मातीत दबतं आणि प्रत्येक पावलाला स्वतःच पाडलेल्या खळग्यातून वर चढत राहतं.

बैल पुढे जातो तोही घर्षणाच्याच जोरावर. खूर जमिनीला मागे ढकलतो, जमीन बैलाला पुढे. डांबरावर खूर झिजू नये म्हणून पत्र्या मारतात, पण गुळगुळीत लोखंड ओल्या डांबरावर घसरतंही. घर्षण सगळीकडे शत्रू मानणाऱ्याने एकदा तेल सांडलेल्या फरशीवरून पोतं ओढून बघावं. पोतं राहील जागेवर, ओढणारा जाईल खाली.

## एका पोत्याला किती साखर?

भाचीला हिशेब आवडला होता, म्हणून अजून एक केला. एक ग्रॅम साखरेत सुमारे १६,७०० ज्यूल ऊर्जा असते. स्नायू अन्नातल्या ऊर्जेच्या साधारण पाव हिश्शाचंच कार्य करू शकतात, बाकी उष्णता होते. तर ४,००० ज्यूलसाठी शरीर १६,००० खर्चणार. म्हणजे एक पोतं फरशीवरून २० मीटर ओढायला लागली एक ग्रॅम साखर. चहात आपण त्याहून किती टाकतो! कष्टाच्या मानाने आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्यात मघाची ती आतली रस्सीखेच कुठे धरलीय?

## फळी लांब की आखूड?

शेवटी भाचीनेच एक गणित घातलं. पोतं ट्रकमध्ये चढवायचंय, ट्रकचा हौदा १.२ मीटर उंच, चार मीटरची फळी लावलीय, घर्षणाचे दर तेच. फळीवरून ओढलं तर फायदा किती?

उताराच्या दिशेने वजनाचा भाग १५० न्यूटन. फळीचा आधार ४७७, त्यावर ४० टक्के घर्षण १९१. एकूण जोर ३४१. सरळ उचलायला ५०० लागले असते, म्हणजे जोर बराच वाचला. पण कार्य? ३४१ गुणिले ४, सुमारे १,३६० ज्यूल. सरळ उचलण्याचं होतं ६००. पुन्हा तेच, जोर कमी आणि कार्य दुपटीहून जास्त.

"मग हमाल एवढी लांब फळी कशाला घेतात?" तिने विचारलं. "तीन मीटरची, अडीचची घ्यावी. घासाघीस कमी."

मी उत्तर दिलं नाही, फोन लावला. तात्या आता हमाली करत नाहीत, पण अजून यार्डातच बसलेले असतात. भाचीने स्पीकरवर विचारलं.

"आखूड फळीवरनं पोतं मागं घसरतंय गं पोरी," ते म्हणाले. "लांब असली की मधी सोडून दम खाता येतोय."

तिने वही ओढली आणि फळीच्या उताराचा टॅन काढला; तो स्थिर घर्षणाच्या दरापेक्षा जास्त झाला की सोडलेलं पोतं मागे घसरतं. चार मीटरच्या फळीला ०.३१, अडीच मीटरच्या फळीला ०.५५. स्थिर घर्षणाचा दर ०.५.